एका दुपारचं काम

८ जानेवारी
ही वही कोणाला दाखवायची नाही. फक्त नोंद राहावी म्हणून. पुढे कोणी विचारलं, साहेब, तुम्हाला ही कल्पना नेमकी कधी सुचली, तर उत्तर तयार पाहिजे. आज, सकाळी ११.२०, गॅरेजमध्ये, ट्रकखाली उताणा पडलेलो असताना.

सरकारने स्वच्छ वाहनांसाठी योजना काढली आहे. मुलीने मोबाइलवरून वाचून दाखवली. दोन भाग. भाग अ : जुनी धुराडं झालेली गाडी सरकारजमा करा आणि बॅटरीची नवी घ्या, बहुतेक सगळा खर्च सरकारचा. भाग ब : नवं इंधन किंवा नवं तंत्र शोधून काढणाऱ्याला अनुदान. मुलगी म्हणाली, बाबा, आपण भाग अ भरू, आईची व्हॅन त्यात अगदी फिट बसते. मी म्हटलं, भाग अ म्हणजे हात पसरणं. तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडली ती काय रांगेत उभं राहायला? आपण भाग ब.

कल्पना : तळणाच्या वापरलेल्या तेलावर चालणारं इंजिन. नाव : पर्यावरणमित्र मार्क वन. मुलगी म्हणाली, हे लोकांनी कधीच केलंय. मी म्हटलं, आपल्या गल्लीत कोणी केलंय?

११ जानेवारी
बायकोच्या शाळेचं पत्र आलं. म्हणजे ती शिकवत नाही, मुलांची ने-आण करते. सोळा मुलं, अकरा वर्षं, एकच व्हॅन. पत्रात असं की नवीन सत्रापासून गेटवर फक्त बॅटरीच्या गाड्या. डिझेलवाल्यांनी यायचं नाही.

तिने पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि वर आपला पांढरा रुमाल ठेवला. रुमाल सायलेन्सरला धरून आणलेला. काळाकुट्ट. मागच्या दाराच्या फटीतून हाच धूर आत येतो म्हणाली. मुलं व्हॅनला ढगगाडी म्हणतात. दम्याचा पंप दप्तरात घेऊन येणारी ती लहान मुलगी मागे बसूच शकत नाही, तिला बायको आपल्या शेजारी पुढच्या सीटवर बसवते.

मी शांतपणे समजावून सांगितलं. धूर ही वरवरची गोष्ट नसते. रोग इंजिनाच्या पोटात आहे. इंजिन उतरवावं लागेल, आठ-दहा दिवसांचं काम, तेवढे दिवस मुलं कशी जाणार? ती म्हणाली, हे तुम्ही चार वर्षं सांगताय. मी म्हटलं, कारण ते चार वर्षं खरं आहे.

तरी ठरवलं. पर्यावरणमित्र झाला की लगेच व्हॅनचं काम हातात घ्यायचं.

१९ जानेवारी
कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने दोन डबे जुनं तेल फुकट दिलं. नेणारा मिळाला म्हणून मलाच चहा पाजला. शुभशकुन.

तेल गाळायला बारीक कापड हवं होतं. उशीच्या खोळी उत्तम. घरात चार होत्या, आता एक आहे.

२६ जानेवारी
मेहुणा येऊन गेला. हिचा धाकटा भाऊ. स्वतःला ट्रान्सपोर्टर म्हणवतो, टेम्पो एकच. त्याने भाग अ भरला. वर फुशारकी कसली मारतो, तर टेम्पो तपासणी केंद्रावर नेला तेव्हा इतका धूर सोडला की तिथल्या बाई खुर्ची उचलून आत पळाल्या. भाऊजी, मशीनचा काटा शेवटाला टेकला, म्हणाला. आणि हसतोय! माझा टेम्पो असता तर मी तोंड लपवलं असतं.

बहिणीलाही म्हणाला, ताई, तू पण भरून टाक, दुपारभराचं काम. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घरात एकाने अर्ज केला की दुसऱ्याचा बाद होतो. असं काही असतं की नाही ठाऊक नाही. पण असायला हवं.

९ फेब्रुवारी
भाग बचा फॉर्म भरला. मुलगी टाइप करत होती, मी सांगत होतो. एक रकाना : धुरात अपेक्षित घट, टक्के. मी म्हटलं, एकशे चाळीस. ती म्हणाली, शंभरावर जाता येत नाही. मी म्हटलं, सरकारी फॉर्ममध्ये हीच अडचण, मोठ्या माणसाला जागाच नसते. मग नम्रपणे नव्व्याण्णव लिहिले.

संध्याकाळी ५.१० ला उत्तर आलं. चार मिनिटांत! आपला अर्ज प्राप्त झाला आहे. एवढ्या मोठ्या खात्यात चार मिनिटांत कोणी उत्तर देतं का? कोणीतरी वाट पाहत बसलं असणार. मुलगी म्हणाली, ते आपोआप येतं. आजकालच्या पोरांना कशाचं कौतुकच नाही.

१७ फेब्रुवारी
पर्यावरणमित्र चालू झाला. जुन्या जनरेटरचं इंजिन, माझी टाकी, माझी गाळणी. पूर्ण सहा मिनिटं. गल्लीभर तळणीचा वास. समोरचा शिंपी विचारत आला, काय तळताय? मी म्हटलं, भविष्य.

सातव्या मिनिटाला बंद पडला. किरकोळ.

२ मार्च
गॅरेजमध्ये या आठवड्यात एकच गाडी आली, तीही हवा भरायला. बरंच झालं, संशोधनाला वेळ मिळतो.

बायको हल्ली धुराचं बोलत नाही. सुधारली असावी.

५ मार्च
मुलीने पुन्हा भाग अ काढला. शेवटची तारीख पंधरा एप्रिल म्हणे. अटी मोठ्याने वाचायला बसली. मी तेव्हा नळी जोडत होतो, तोंडात क्लिप, हो हो करत राहिलो. अट सात ऐका बाबा, अट सात महत्त्वाची, असं दोनदा म्हणाली. धुराबद्दल काहीतरी. धुराबद्दल मला शिकवणार!

तिला एवढंच सांगितलं की समितीचं पत्र आलं की आपण एक सोडून दोन बॅटरीच्या व्हॅन घेऊ. एक आईला, एक स्पेअर. ती मोबाइल बंद करून आत गेली. डोळे भरून आले असणार.

२१ मार्च
पत्र आलं!! समिती चार एप्रिलला प्रात्यक्षिक पाहायला येणार. गॅरेजवर. तिघं जण. मी बायकोला म्हटलं, बघ. ती म्हणाली, सगळ्याच पालकांनी आज विचारलं, नवीन सत्राचं काय. मी म्हटलं, सांग त्यांना, नवरा बघतोय. ती म्हणाली, तेच सांगितलं, म्हणूनच दोघांनी दुसरी गाडी लावली.

चौदा मुलं राहिली. पण आता पाच एप्रिलपासून सगळं फिरणार.

३ एप्रिल
गॅरेज धुतलं. भिंतीवरचं जुन्या टायरचं कॅलेंडर काढलं, तिथे हिरव्या पानाचं चित्र लावलं. पर्यावरणमित्राला हिरवा रंग दिला. रंग ओला असल्याने आज चालवून पाहिला नाही. गरजही नाही. मशीनला मूड असतो, उगाच आदल्या दिवशी दमवू नये.

४ एप्रिल, दुपारी
समिती दहा मिनिटं होती.

इंजिन चार मिनिटं चाललं, तेही छान. चष्मेवाले साहेब, जे प्रमुख होते, म्हणाले, वास चांगला येतोय, सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मी हे लिहून घेतलं. पाचव्या मिनिटाला नळीत तेल तुंबलं आणि जोड सुटला. तेल साहेबांच्या चष्म्यावर, शर्टावर, फाइलवर. त्यांना दिसेना, म्हणून मी पुसायला फडकं दिलं, ते ग्रीसचं निघालं.

जाताना म्हणाले, कळवू. आवाजात राग नव्हता. धक्का होता. धक्का म्हणजे छापच की.

९ एप्रिल
कळवलं. एका ओळीत. प्रस्ताव स्वीकारण्यायोग्य आढळला नाही.

सकाळपासून गॅरेजचं शटर अर्धं खाली ठेवून बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. हिरवा रंग अजून बोटांना आहे.

साडेचारला बायको फेरी संपवून आली. सायलेन्सरचा भकभक आवाज कोपऱ्यापासून ऐकू येतो, तसा आला. तिने पत्र वाचलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, आता? मी म्हटलं, आता भाग अ. मनात होतंच माझ्या. सुरुवातीपासून.

१० एप्रिल
मुलीने अर्ज भरला. तपासणीची वेळ मिळाली पंधरा तारखेला, सकाळी अकरा. म्हणजे शेवटचाच दिवस. मुलगी म्हणाली, नशीब समजा. मी म्हटलं, नशीब कसलं, प्लॅनिंग.

बायको आज जेवताना दोन वेळा हसली. बॅटरीच्या व्हॅनला आवाज नसतो म्हणे, मग ती दारात आली हे मुलांना कळणार कसं, याचा विचार करत होती. हॉर्न वाजवीन म्हणाली, एकदाच, हळू. गेलेल्या दोन मुलांच्या आयांनाही तिने फोन केला. व्हॅन मिळाली तर परत येऊ म्हणाल्या. पंपवाली मुलगी अजून आपल्याकडेच आहे.

तिला असं बोलताना पाहिलं आणि ठरवलं, या वेळी कुठे कसर ठेवायची नाही.

१२ एप्रिल
मेहुण्याचा फोन. त्याची बॅटरीची गाडी मंजूर झाली, आनंदात होता. मला म्हणाला, भाऊजी, एक ऐका, व्हॅनला हात लावू नका. आहे तशी न्या. तीनदा म्हणाला. हात लावू नका.

याच्या पोटात का दुखतंय ते मला कळतं. स्वतः धूर ओकत गेला, आता भाऊजीनेही तसंच जावं, म्हणजे दोघं सारखे. अरे, तू टेम्पो हाकणारा, मी मेकॅनिक. माझी गाडी सरकारी केंद्रावर काळा ढग सोडत शिरली तर तिथली माणसं काय म्हणतील? हा तीस वर्षं काय करत होता म्हणतील. एकदा समितीपुढे नाक कापून घेतलं, पुन्हा नाही.

१४ एप्रिल, संध्याकाळी ६
आज दुपारी दोनला शटर पूर्ण वर केलं आणि व्हॅन आत घेतली. बायको मुलीला घेऊन नवीन व्हॅनसाठी सीटकव्हरचं कापड बघायला गेली होती.

कितीतरी दिवसांनी खरं काम केलं. एअर फिल्टर काढला, चिंधीसारखा झाला होता, नवा टाकला. चारही नोझल काढून साफ केले, एक पार गळत होता, बदलला. पंपाचं टायमिंग लावलं. सायलेन्सर उतरवून झटकला, बादलीभर काजळी निघाली. मागच्या दाराला नवं रबर बसवलं. मग स्टार्ट केली आणि मागे जाऊन उभा राहिलो.

काही नाही. नुसती गरम हवा. इंजिन असं गुणगुणत होतं की शिंपी मशीन थांबवून बघायला आला. म्हणाला, नवीन घेतली का? ऊर भरून आला. साडेपाचला हात धुतले. इंजिन उतरवावं लागलंच नाही.

बायकोला अजून सांगितलं नाही. उद्या मंजुरीचा कागद आणि ही गोष्ट, दोन्ही एकदम.

१५ एप्रिल, सकाळी ९
पांढरा शर्ट. व्हॅनला पॉलिश. आज बायकोला शाळेची सुट्टी, मुलांना सुट्ट्या लागल्या. तिने दारातून हात केला. लवकर या म्हणाली.

१५ एप्रिल, दुपारी १, केंद्राच्या आवारात, व्हॅनमध्ये बसून
सविस्तर लिहितो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

तपासणीच्या बाईंनी नळी सायलेन्सरमध्ये घातली, मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. तीन वेळा. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, या वयाच्या गाडीचा इतका स्वच्छ आकडा मी आजपर्यंत पाहिला नाही. मी म्हटलं, हे शेऱ्यात लिहाल का? त्या म्हणाल्या, लिहितेच. आणि लिहिलं. कागदावर शिक्का मारून दिला. मी दारापर्यंत गेलो, मग वाचलं.

अपात्र.

परत गेलो, चुकून दुसऱ्याचा कागद दिलात म्हणालो. त्यांनी अट सात दाखवली. गाडीचा धूर मर्यादेपेक्षा जास्त असला तरच जुनी गाडी बदलून मिळते. योजना धुराच्या गाड्यांसाठी आहे, काका, त्या म्हणाल्या. तुमची छान आहे.

मी म्हटलं, बाई, ती कालपर्यंत छान नव्हती. त्या म्हणाल्या, आज तारीख पंधरा. मी म्हटलं, दहा मिनिटं द्या, पुन्हा धूर काढून दाखवतो. त्या म्हणाल्या, एका गाडीची एकदाच तपासणी होते, आकडा वरच्या कार्यालयात गेला. मी बाहेर आलो, बॉनेट उघडलं, एअर फिल्टरमध्ये पॉलिशचं फडकं कोंबलं आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला. काय धूर निघाला! सगळं आवार काळं. रांगेतली माणसं खोकायला लागली. खिडकीतून बाईंना ओरडून म्हटलं, बघा, बघा! त्या आल्या, नाकावर पदर धरून. त्यांनी नीट सांगितलं की गाडीत फेरफार करून तपासणीची फसवणूक केली तर पाच वर्षं कुठल्याच योजनेत नाव येत नाही. त्यांनी लिहून घेतलं नाही, एवढे उपकार. वॉचमनने गेटबाहेर काढलं नाही, पण बोट मात्र गेटकडेच होतं.

फडकं काढलं. धूर लगेच थांबला. काम पक्कं झालंय.

दोन वेळा घरी फोन लावला आणि उचलायच्या आत कापला.

१५ एप्रिल, संध्याकाळी ७
अडीच तास गावभर फिरलो. शेवटी घरी.

बायको दारातच होती. व्हॅन आली हे तिला कळलंच नाही, मी हॉर्न वाजवला तेव्हा दचकली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी बोलायची तयारी करून आलो होतो, अट सात कशी अन्यायाची आहे, खात्याला लिहिणार आहे वगैरे. त्याऐवजी कागद दिला.

तिने वाचला. शेरा पण वाचला. मग मला म्हणाली, चालू ठेवा. मागे गेली, कमरेचा रुमाल काढून सायलेन्सरला धरला. बराच वेळ. मग रुमाल उलटसुलट करून पाहिला. पांढरा.

मला वाटलं आता रडेल किंवा भांडेल. दोन्ही चाललं असतं. तिने विचारलं, इंजिन उतरवलं का? नाही म्हटलं. किती दिवस लागले? मी म्हटलं, काल दुपारी दोनला बसलो.

आणि?

साडेपाचला झालं.

म्हणजे एका दुपारचं काम होतं, ती म्हणाली. माझ्याशी नाही, रुमालाशी. व्हॅनच्या काचेतून आत बघत म्हणाली, ती मुलगी चार वर्षं पुढच्या सीटवर बसतेय.

मग रुमाल घडी करून कमरेला लावला आणि आत गेली. सीटकव्हरचं कापड टेबलावर होतं. निळं, त्यावर छोटे ढग. तिने निवडलं होतं.

१६ एप्रिल
काही लिहिण्यासारखं नाही.

२० एप्रिल
मेहुणा आला होता. एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्याच्या बॅटरीच्या गाडीला सीट बसवून तो शाळेचा मार्ग घेतोय. चालवायला ताई हवी म्हणाला, मुलं तिलाच ओळखतात. पगारावर. बायको म्हणाली, अकरा वर्षं स्वतःची गाडी होती रे. मग म्हणाली, येते.

मला त्याने विचारलं, भाऊजी, गाडीची देखभाल तुम्ही बघाल का? मी म्हटलं, आनंदाने. मग बॉनेट उघडून बघितलं. नळी नाही, नोझल नाही, तेल नाही. पुसून ठेवायचं एवढंच. बॉनेट परत लावलं.

संकल्प : बॅटरी शिकायची. उद्यापासून. निदान परवापासून.

नवीन सत्राचा पहिला दिवस, सकाळी ७.४०
बायको गेली. ढगांचं कापड तिने मेहुण्याच्या गाडीला लावून घेतलंय. डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली, मला म्हणाली, दूध तापवून ठेवलंय. मी खिडकीत उभा होतो, तरी गाडी हलल्याचं कळलं नाही. आवाजच नसतो. कोपऱ्यावर एकदा हॉर्न वाजला, हळू.

सोळाच्या सोळा मुलं परत आली असं मुलीने सांगितलं. पंपवाली यंदा मागे बसणार आहे, मैत्रिणींबरोबर.

खाली जाऊन आपली व्हॅन चालू करून पाहिली. पहिल्या फटक्यात स्टार्ट. मागे जाऊन सायलेन्सरला हात धरला. धूर नाही, काही नाही. पाच मिनिटं तसाच उभा राहिलो. कुठे जायचं नव्हतं, म्हणून बंद केली.